निपाणीचं स्वच्छ घर

॥ श्री जिनाय नमः ॥

अनगोळ, बेळगाव
ता. ६ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप अण्णांच्या पायी धाकट्या राजमतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. या मानमोडीच्या तापानं मला चौदा दिवस अंथरुणाला खिळवलं होतं. आज पहिल्यांदा भिंतीला टेकून बसले आणि आधी दौत मागितली. ताप गेला, खोकला आहे. डॉक्टर म्हणतात, छाती अजून भरलेली आहे, महिनाभर गार पाण्यापासून आणि गार वाऱ्यापासून जपा, ताप उलटला तर आमच्या हाती काही राहणार नाही. म्हणून कानाला फडकं बांधून बसले आहे. तुम्ही पाहिलंत तर नक्की हसाल.

घरात सासूबाईंचं राज्य आहे. सकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, संध्याकाळी गंधकाची. बाहेरून आलेल्यानं दारातच हातपाय धुवायचे आणि अंगावरचे कपडे थेट उकळत्या हंड्यात टाकायचे. तुमचे दाजी म्हणतात, या घरात माणसापेक्षा धोतर जास्त शिजतं.

गल्लीत मात्र रोज कुठं ना कुठं रडणं ऐकू येतं. मी तापात असताना हुक्केरीहून दाजींचे चुलतभाऊ गेल्याची बातमी आली. सासूबाईंनी घरादाराला नेसत्या वस्त्रांनिशी आडावर उभं करून डोक्यावरून गार पाणी घातलं. माझ्या पाच वर्षांच्या पद्मालाही सोडलं नाही. पोर काकडत होती.

तिकडे साथ कितपत आहे? आव्वा कशी आहे? विहिरीत तांबडं औषध टाकायला आलेल्या साहेबाला तिनं, हे औषध गाळून घेतलंय का, असं विचारल्याचं तुम्ही लिहिलं होतं, ते वाचून दाजी अजून हसतात. वहिनींना नमस्कार. पत्र लवकर पाठवा, तेवढंच माझं औषध.

आपली लाडकी
राजमती

*

निपाणी
ता. १२ ऑक्टोबर १९१८

नेमगोंडा दाजींस, चिकोडी,

कोपरा फाडलेलं पत्र पाहून तुम्हाला कळलंच असेल. हे पत्र उंबऱ्याबाहेरच चंपाक्काला वाचून दाखवा, आणि आधी पाणी तापत ठेवा.

आक्का, आव्वा काल सकाळी गेली. तीनच दिवसांचा ताप. आदल्या दिवसापर्यंत पाणी गाळलं का, गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडले का, असं विचारत होती. शेवटी णमोकार म्हणता म्हणता ओठ हलायचे थांबले. खांदा द्यायला चौघं मिळेपर्यंत दुपार झाली. गावात निम्मी दारं बंद आहेत. तुझ्या भावजयीला, मालूलाही कालच ताप भरला आहे, म्हणून तू येऊ नकोस.

आता एक मागणं. राजीला हे कळवायचं नाही. तिचं पत्र परवाच आलं. नुकती उठली आहे, छाती भरलेली आहे, गार पाणी अंगावर पडलं तर ताप उलटेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिच्या सासूबाईंनी चुलत सुतकाला घरादाराला आडावर उभं करून भिजवलं, लहान पोरीलाही. मग आई गेल्याचं कळल्यावर राजीला सोडतील का? आणि त्यांनी सोडलं तरी राजी स्वतः सोडेल का? आव्वाला मी वाचवू शकलो नाही. माझ्या पत्रानं राजीही जायला नको.

ती धडधाकट होईपर्यंत मी सांभाळून लिहीन. सगळ्यांनी जपून राहा.

तुझा
धरणेंद्र

*

चिकोडी
ता. १४ ऑक्टोबर १९१८

चि. धरणेंद्रास नेमगोंडाचे आशीर्वाद. तुझी आक्का सांगते आहे तसंच लिहितो. सुधारून लिहायला तिनं मनाई केली आहे.

धरण्या, आव्वा गेली आन् मला तिचं तोंड बी दिसलं न्हाय रं. काल धरनं चूल पेटवाय हात उठत न्हाय. तू एकला किती धावलास आसशील रं.

पर राजीचं मला पटत न्हाय. तिची सासू कडक हाय, व्हय, पर राक्षसीण न्हाय. त्येस्नी येगळं पत्र लिव, पाणी तापवून घाला म्हणावं. तुला भ्या वाटत आसंल तर दिवाळीपतोर गप ऱ्हा, मी बी गप ऱ्हाते. निस्तं गप ऱ्हा बरं का. आव्वा खुशाल हाय आसं काय लिवू नगंस. न सांगणं येगळं आन् खोटं लिवणं येगळं. मालूला पेज पाज, आन् तू बी दोन घास खा. माझी आण हाय तुला.

आक्कानं सांगितलेलं इथं संपलं. आमची माया आहे तशीच राहील.

नेमगोंडा

*

निपाणी
ता. १७ ऑक्टोबर १९१८

चि. सौ. राजमतीस अण्णाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाला फडकं बांधलेली राजी डोळ्यांसमोर आली आणि खरंच हसू आलं. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच कर. तिकडच्या कामात मन घालू नकोस.

इकडची काळजी करू नकोस. गावात साथ आहे, पण आपल्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. येईल कशी? आव्वानं दसऱ्याच्या आधीच सगळं घर बाहेर काढलं. चार दिवस अंथरुणं उन्हात होती, भिंतींना दोनदा चुना झाला, पोत्यांची खोली झाडून तिथं उदाची धुरी केली. हे लिहितोय तेव्हाही ती दारात सारवते आहे. मी ओल्यावर पाय ठेवला म्हणून आत्ताच बोलणी खाल्ली. पाण्याचं गाळणं दुहेरीचं चौपदरी केलंय आणि प्यायचं पाणी तीनदा उकळतं. तुझ्या वहिनीची तर कंबर मोडली आहे.

आव्वाचा तुला निरोप आहे की मिरे-तुळशीचा काढा टाळू नकोस, आणि उशीखाली वेखंड ठेव. तुझ्या सासूबाईंची धुरी तिला फार पसंत पडली, फक्त गंधक जरा बेतानं वापरा म्हणते. निपाणीत एवढं स्वच्छ घर दुसरं नसेल, हे मी आपलं म्हणून सांगत नाही.

तब्येतीचं दर चार दिवसांनी कळवत जा. तू बरी झालीस की मला सगळं मिळालं.

तुझा
अण्णा

*

अनगोळ, बेळगाव
ता. २१ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप अण्णांस राजमतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं. आव्वाची बोलणी खाताना तुमचं तोंड कसं झालं असेल ते मी सांगू शकते. किती दिवसांनी पोट भरून हसले.

पण अण्णा, इकडचं चांगलं नाही. परवापासून दाजींना सणकून ताप आहे. शेजारच्या बाळाबाईंची दोन्ही मुलं तीन दिवसांत गेली. ती पद्माच्याच बरोबर खेळायची. पद्मा अजून ठणठणीत आहे आणि या घरात ती तशी राहील याची मला खात्री वाटत नाही. रात्रंदिवस एकच विचार होता, हिला कुठं लपवू? तुमचं पत्र आलं आणि वाट दिसली. सासूबाई पोरीला नजरेआड करायला तयार नव्हत्या. पत्रातला चुना, गाळणं, उन्हात टाकलेली अंथरुणं हे सगळं दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याच म्हणाल्या की पाठव आजीकडे.

यल्लाप्पाची गाडी आज कोल्हापूरला निघते आहे. तो आमचा जुना माणूस. पद्माला आणि या पत्राला तोच तुमच्या दारात उतरवील. आव्वाला सांगा, आल्या आल्या हिला पाल्याच्या कढत पाण्यानं न्हाऊ घाल आणि वाटेतले कपडे जाळून टाक. तिला एकटीला झोप येत नाही. आव्वाच्या वाकळेत घेऊन निजवा. निघायची वेळ झाली तरी जराही रडत नाही. आज्जीकडे जायचं म्हणून काल दिवसभर गाठोडं बांधत होती.

माझं काय व्हायचं ते होवो, पोर सुखरूप जागी पोचते आहे, या समाधानावर मी आता दाजींकडे बघीन. तुम्हा सगळ्यांची माया तिच्यावर असू द्या.

आपली
राजमती

*

निपाणी
ता. २४ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप आक्कास धरणेंद्रचा सा. न. वि. वि.

दाजी, हे लगेच वाचून दाखवा.

आक्का, तुझं मी ऐकलं नाही. आव्वा मजेत आहे, घरात साथ नाही, असं मी राजीला लिहून बसलो. लिहिताना तेवढा वेळ आव्वा घरात वावरत असल्यासारखं वाटलं, आणि लिहीतच गेलो. ते वाचून राजीनं काल पद्माला इकडे पाठवली. गाडीवान तिला दारात उतरवून पुढं गेला. पोर हाका मारत धावत आली. मी तिला उंबऱ्यावरच अडवलं, तर मी खेळतोय असं वाटून ती हसायला लागली.

मालू मधल्या खोलीत तापानं फणफणली आहे. गाडीवानाला थांबवून पोरीला परत पाठवता आलं असतं. पण तिकडे तिचा बाप तापात, आणि परत पाठवली की राजीला सगळं कळणार. या दुसऱ्या कारणापाशी मी किती वेळ थांबलो, ते मलाच ठाऊक.

जे लिहिलं होतं ते आता खरोखर करतो आहे. काल भिंतींना चुना दिला. भांडी राखेनं घासून उकळली. मालूचं सगळं वेगळं केलं, तिच्याकडून बाहेर आलो की अंघोळ करतो. मला सारवता येत नाही, पोपडे निघतात. पोर त्यावर बोट ठेवून म्हणते, मामा, आज्जी असं न्हाय करत. आजी बस्तीत दर्शनाला गेलीय असं तिला सांगितलंय. ती दारात बसून वाट बघते.

तू तिला चार दिवस नेशील का? गाडी घेऊन मीच येतो. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

धरणेंद्र

*

चिकोडी
ता. २६ ऑक्टोबर १९१८

चि. धरणेंद्रास आशीर्वाद. आक्काच्या सांगण्यावरून लिहितो.

धरण्या, हितं बी तीन आंथरुणं पडल्यात. तुझ्या दाजीस्नी आज उठून बसाय आलं म्हणून ह्ये पत्र तरी होतंय. पोरीला आणू नगंस. कुठं ठिवू तिला? आता तरी राजीला लिव रं बाबा. आजच लिव. लेकरू कुठल्या घरात धाडलंय, ह्ये आईला ठावं पायजे.

*

निपाणी
ता. ३ नोव्हेंबर १९१८

राजी,

हे पत्र उंबऱ्यात उभी राहून वाचू नकोस. आत जा, सासूबाईंना जवळ बसवून घे. गार पाणी अंगावर घेऊ नकोस, माझ्या गळ्याची शपथ आहे. आधी पाणी तापत ठेवा.

आव्वा अकरा ऑक्टोबरला गेली. पद्मा परवा सकाळी गेली.

तुला गार पाण्यानं न्हावं लागेल, ताप उलटेल, या भीतीनं मी आव्वाचं लपवलं. आक्कानं बजावलं होतं, तरी वर खोटं लिहिलं. घरात साथ होती, तुझी वहिनी तापात होती. पोरगी दारात आली त्या दिवशीही तुला लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, मालूचा ताप उतरला की लिहू, असं करत राहिलो.

मी दिवसातून चार वेळा घर पुसत होतो. एक वस्तू तेवढी धुतली नव्हती, आव्वाची वाकळ. तिच्या अंगाचा वास होता तिला, मला उकळत्या पाण्यात टाकवली नाही. पेटीत ठेवली होती. पोरीनं ती शोधून काढली आणि सोडीचना. तू लिहिलं होतंस म्हणून मीही काढून घेतली नाही. डॉक्टर म्हणतात, वाकळेनं काही झालं नसेल, मालूच्या खोकल्यातूनच आलं असेल. मला कळत नाही.

पाच दिवस ताप होता. पद्माला त्रास झाला नाही. झोपेतच गेली. तुझी वहिनी आता उठून बसते आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही.

क्षमा मागायलाही मला तोंड नाही. दाजींची प्रकृती कळव, एवढी कृपा कर.

धरणेंद्र

*

अनगोळ, बेळगाव
ता. ९ नोव्हेंबर १९१८

ती. अण्णांस राजमतीचा नमस्कार.

तुमच्या दाजींचा ताप उतरला आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज सासूबाई सांगणार आहेत. त्या म्हणाल्या, एक दिवससुद्धा लपवायचं नाही.

माझी अंघोळ झाली. सासूबाईंनी स्वतः बंब पेटवला, पाण्यात हात घालून पाहिला, आणि मला न्हाणीघरात पाटावर बसवून पाठीवरून पाणी घातलं. डोकं भिजवू दिलं नाही. डोळ्यांना ओला हात लावला आणि झालं म्हणाल्या. हुक्केरीच्या सुतकालाही माझं त्यांनी एवढंच केलं होतं. मी तापात होते ना, आडावर मला नेलंच नव्हतं. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. पद्मा काकडत होती तेवढंच लिहिलं. एका ओळीचं काम होतं अण्णा. आता बसल्या जागी मी मनात तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिते आहे.

तुम्ही मला वाचवायला निघालात हे मला कळतं. तुमच्यावर रागवावं इतकी ताकद माझ्यात नाही. पण आव्वा गेली तेव्हा मी रडले नाही, हसले. तुमचं पत्र वाचून हसले आणि गल्लीत चार बायकांना सांगितलं की माझ्या माहेरी बघा कसं आहे. ते घर मी खरं मानलं. त्या घरी मी माझी मुलगी पाठवली.

वाकळेचं मनाला लावून घेऊ नका. ती द्या, असं मीच लिहिलं होतं. वहिनींनाही काही बोलू नका.

एकच विचारायचं आहे. पद्माला त्रास झाला नाही, झोपेतच गेली, असं तुम्ही लिहिलंत. त्या ओळी मी सारख्या वाचते. मग आधीचं पत्र काढते. आव्वा दारात सारवते आहे, असं त्यात तुम्हीच लिहिलंय. दोन्हीकडे अक्षर तेच आहे, तसंच वळणदार. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मला काहीच कळत नाही.

म्हणून आक्काची शपथ घालून विचारते. शेवटी ती कोणाच्या मांडीवर होती? तिला श्वास घेता येत होता का? मला हाका मारत होती का? आजी कुठं आहे, हे तिला कोणी सांगितलं का? जे झालं असेल ते लिहा, कितीही वाईट असलं तरी लिहा. तुम्ही लिहाल ते मला खरं वाटेल की नाही, हे माझं मलाच सांगता येत नाही. तरी लिहा.

तुमची माया होतीच, ती मागायला नको.

राजमती