बिनआवाजाच्या पेटीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, शिलाई मशीनचा निवृत्त मेकॅनिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मेहुण्याला तो मान्य नाही, पण त्याला विचारतो कोण? छातीच्या फोटोत डाग दिसला तेव्हा घाबरून जे मृत्युपत्र खरडले होते, ते मी याद्वारे रद्द करतो. हे श्वास मोकळा झाल्यावर लिहिले आहे, म्हणून हेच खरे धरावे.

१. राहते घर मुलगा आणि सूनबाई यांना निम्मे निम्मे. रद्द केलेल्या कागदात सूनबाईचे नाव नव्हते. वाईट बातमी तिने आणली म्हणून मी तिच्यावर डूख धरून होतो.

२. बँकेतली ठेव मुलाला. त्याने ती शहाणपणाने वापरावी, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

३. सगळी हत्यारे मेहुण्याला. पेचकस उसना नेऊन परत न देण्याची त्याची जुनी खोड आहे. आता परत द्यायचा प्रश्नच मिटला.

४. टीव्हीखालची, सिनेमे बघायची कॉम्प्युटरची पेटी सूनबाईला. याचे कारण जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी हरकत घेणार नाही.

आधीचा कॉम्प्युटर फार घरघरायचा. मी सिनेमा लावला की सूनबाई विचारायची, सिनेमा बघताय की दळण दळताय? ते मला झोंबले. हिचे तोंड बंद करायचेच, म्हणून मी चपलांच्या खोक्याएवढे कॅबिनेट आणले. एवढ्याशा जागेत गरम हवा कोंडते आणि छोटे पंखे किंचाळतात. म्हणून एकच मोठा, सावकाश फिरणारा पंखा घेतला आणि त्याची थरथर पत्र्याला लागू नये म्हणून मध्ये रबराचे बारीक वॉशर घातले. हात गुंतलेले असले की स्क्रू-वॉशर ओठांत धरायचे, ही आमच्या धंद्यातली सवय. मध्येच ठसका लागला, पाणी प्यायलो. शेवटी एक वॉशर कमी भरला. पेटीतच कुठे पडला असेल म्हणून ती उलटी करून हलवली, मग नाद सोडला.

पेटी चालू करून सगळ्यांना बोलावले. मुलाला काहीच ऐकू आले नाही. सूनबाई म्हणाली, बारीक शिट्टी येतेय. मलाही येत होती, पण कबूल कोण करणार? पंखा बदलला, पॉवर सप्लाय बदलला. मेहुण्याच्या सल्ल्याने पंखा उलटा बसवला, तर पेटी तापून आपोआप बंद पडली. शिट्टी मात्र चालूच.

एका दुपारी मी पेटीला कान लावून बसलो होतो. सूनबाई मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, प्लग माझ्या हातात आहे. शिट्टी तुमच्या छातीतून येतेय."

मी तिला नको नको ते बोललो. तिने चपला घातल्या आणि मला दवाखान्यात नेले. फोटोत डाग निघाला. नळी घालून तपासायचा दिवस ठरला. मी तर मनाने पलीकडे जाऊन पोचलो होतो.

डॉक्टरांनी नळी घालून तो डाग चिमट्याने बाहेर काढला आणि विचारले, "आजोबा, हा कुठल्या मशीनचा?" माझाच वॉशर होता. सूनबाई एकाच वेळी हसत आणि रडत होती. माझा जीव भांड्यात पडला. आणखी उशीर झाला असता तर फुफ्फुस सडले असते, असे डॉक्टर म्हणाले. जुन्या घरघरीत ही शिट्टी कुणालाच ऐकू आली नसती, म्हणून पेटी तिची. तिने जाळीवरची धूळ काढत जावी आणि वर विणलेला रुमाल अजिबात घालू नये.

५. माझे अंत्यविधी साधे करावेत, भाषणे नकोत. मात्र मी गेलो असे कोणीही सांगितले, अगदी डॉक्टरांनी सांगितले, तरी घाई करू नये. आधी सूनबाईला बोलवावे. तिने माझ्या छातीला कान लावावा. श्वास ऐकू येत नाही असे ती म्हणाली, तरच मी गेलो असे समजावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, मोकळ्या श्वासाने सही केली आहे.

सही: निवृत्त मेकॅनिक

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपी
२. घरचे डॉक्टर
(मेहुण्यालाही साक्ष द्यायची होती. पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष देऊ नये, असे कळल्यावर त्याने पेचकस निवडले.)

ठिकाण: राहत्या घराचा दिवाणखाना
दिनांक: दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा पहिला रविवार