सुतकाची दाढी

मेन्नेफेर, पुराचा दुसरा महिना

ती. हुनेरोताईस धाकट्या नखीचा सा. न.

प्ताहच्या देवळापुढून जाताना तुम्हा सगळ्यांचं सुख मागतो. तेवढं एक काम चुकवत नाही.

पत्र मात्र रोज उद्यावर ढकललं. आधी लिहायला खापर मिळेना, मग शाई वाळली, मग धक्क्यावर कुणाचं तरी माकड सुटलं ते बघत बसलो. खरं म्हणजे लाज वाटत होती.

माझा वस्तरा नदीत पडला आणि दाढी वाढली. ज्यांच्याकडे जेवतो त्या ताइसेमावशींनी विचारलं, घरात कोण गेलं रे बाळा. निव्वळ आळसाने वाढलीय असं सांगवेना. तोंडातून निघून गेलं, बाबा गेले. मावशी रडल्याच. धुतलेलं तागाचं वस्त्र दिलं, आणि गेलेल्या नवऱ्याचा निळ्या मण्यांचा रुंद हार काढून म्हणाल्या, बापाच्या गळ्यात घालून मग त्याला पुर. मी घेतला गं. नाही म्हणता येईना.

आपल्या गल्लीतला पेन्नुब तिथेच अंगणात बसला होता, त्याने ते ऐकलं. तो आता धान्याच्या नावेने गावी निघालाय. त्याच्याआधी हे पोचलं तर बाबांना तूच सांग. लोभ असू दे म्हणायला तोंड नाही, तरी असू दे.

तुझा नखी

वासेत, पुराचा तिसरा महिना

चि. नखीस ताईचा अ. आ. अमुन तुला अक्कल देवो.

पेन्नुबच आधी पोचला. डोक्याला चिखल फासून, रडायला बायका घेऊन दारात उभा. दार बाबांनी उघडलं. ते सणाला निघालेले. चुण्यांचं वस्त्र, डोक्यावर केसांचा नवा टोप, डोळ्यांत काजळ. गल्ली हसून लोळली. बाबाही हसले. पेन्नुबला म्हणाले, ये, मेलेल्याच्या हातचं पाणी पी.

मग आत येऊन टोप काढून ठेवला. तेव्हापासून वस्तऱ्याला हात लावलेला नाही, न्हाव्याला परत धाडतात. कुणी विचारलं तर मुलाचं सुतक आहे म्हणतात. मी भांडले, की तो जिवंत आहे. म्हणाले, मीही होतो.

ये बाबा. ओरडतील, पण ये. घरची माया आटलेली नाही.

हुनेरो

मेन्नेफेर, पुराचा चौथा महिना

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि हार घेऊन मावशींपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं. वाटलं, पायताण काढतील. त्यांनी हार पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, आमचे हे असे खोटे मेले असते तर किती बरं झालं असतं. त्यापेक्षा मला शिव्या परवडल्या असत्या.

उसन्या वस्तऱ्याने दाढी केली, गाल कापून घेतला. उद्याच्या नावेत जागा मिळालीय. बाबांपुढे गेल्यावर पहिला शब्द काय बोलायचा तेच सुचत नाहीये, म्हणून तुला विचा

थांब. दारात कुणीतरी म्हातारे आलेत, दाढी वाढलेली. मावशींना सांगतायत की माझा मुलगा या गावात वारला, तो कुठे राहायचा तेवढं बघायला आलोय. आवाज बाबांचा आहे. मावशी म्हणतायत, तुमचा वारलेला आत बसून पत्र लिहितोय.

ताई, ते पायताण काढतायत. मी उठतो.