सेल्फ मारला की नुसतं टक्

२ नोव्हेंबर २००६, सकाळ
एकोणीस तारखेला आमच्या मंडळींना, गयाला, जाऊन वर्ष होईल. तिच्या माहेरी, वांगणीला, बुद्धवंदना ठेवलीय. ठरलं : गाडीनेच जाणार, नि गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट होणार. गेल्या वर्षी तिच्या छातीत कळ आली तेव्हा झाली नाही. मी दहा मिनिटं मागितली, बॉनेट उघडलं. शेवटी आमची प्रीती रिक्षा घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं होतं. डॉक्टरांना बोलायला काय जातं! दोष गाडीचा होता. तो शोधून पोरीला दाखवला की विषय संपला.
प्रीतीने विषय काढलेला नाही. वर्षात एकदाही नाही.

३ नोव्हेंबर
तपासणी. दिवे झकास. हॉर्न असा की अख्खं शिरगाव दचकावं. चावी फिरवली की मात्र नुसतं टक्. निदान : बॅटरी. जन्मभर आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला होतो, पण वायरिंग स्वतःच्या डोक्याने शिकलोय. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असलं आपल्याकडे नाही.

५ नोव्हेंबर, रविवार
उल्हासनगरहून नवी बॅटरी. टक्.

८ नोव्हेंबर
निदान सुधारलं : सेल्फ. पुन्हा उल्हासनगर. सिंधी दुकानदार म्हणाला, साईं, बॅटरी नया, सेल्फ नया, अभी गाडी भी नया ले लो. धंदेवाला माणूस, बोलणारच. बसवला. दोनदा स्टार्ट झाली! प्रीतीला हाक मारून खाली आणलं. टक्.

११ नोव्हेंबर, दुपार
डाव्या सीटची स्प्रिंग करकरली. कुणी टेकल्यासारखी. मी बॉनेटखाली होतो, आत कोणी नव्हतं. स्प्रिंग जुनी आहे. मग आतला दिवा आपोआप लागला. दरवाजाच्या स्विचमध्ये शॉर्ट असणार.
शेजारच्या रखमाबाई म्हणाल्या, भाऊजी, गयाबाईंचा जीव अडकलाय गाडीत, लिंबू-मिरची बांधा. मी म्हणालो, वहिनी, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भुताखेताला मानत नाही.
त्या गेल्यावर गयाला हळूच म्हटलं, बस हवी तर, पण स्विचला हात लावू नकोस.

१५ नोव्हेंबर
चावीचा स्विच बदलला. टक्. डावीकडून ऐकू आलं, झालं का हो? त्या दिवशी छाती धरून ती तीनदा असंच म्हणाली होती. फॅनबेल्ट घासत असेल. इंजिन बंद होतं, तरी.

१८ नोव्हेंबर
प्रीती मला न विचारता बुधाजी मेकॅनिकला घेऊन आली. म्हटलं बघू दे, त्यालाही शिकायला मिळेल. त्याने बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर थेट इंजिनला टेकवली. गाडी स्टार्ट. मग इंजिन नि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली. पट्टीखाली निळा रंग, चांगला जाड. बुधाजी हसला, काका, रंगातून करंट जातो काय? कुठल्या येड्याने हे रंगवलं?
गेल्या वर्षी ऑक्टोबरात, घरीच, ब्रशने. गयाला मिरवत माहेरी न्यायची म्हणून. पट्टी काढून दोन हात दिले, वाळल्यावर बोल्ट घट्ट आवळला. एक जागा सोडली नव्हती.
बुधाजीने कानशीने रंग खरवडला, पट्टी लावली, हात पुसले. किती वेळ लागला ते मी मुद्दाम पाहिलं नाही. प्रीती चहा टाकायला वर गेली ती खाली आलीच नाही.

१९ नोव्हेंबर, वांगणी
एका सेल्फमध्ये स्टार्ट. प्रीती मागे बसली. रस्ताभर डावीकडे काही नाही. मी दोनदा गाडी हळू करून पाहिली. काही नाही.
वंदना झाली, जेवणं झाली. मेव्हणा हरिचंद्र गाडीभोवती फिरला, टपावरून हात फिरवला. म्हणाला, दाजी, रंग झ्याक बसलाय, कुणाकडनं करून घेतला?
मी तोंड उघडायच्या आत प्रीती म्हणाली, बाबांनीच दिलाय मामा. ते सगळं स्वतःच करतात. कुणाला बोलावू देत नाहीत.
मी रेडिएटरमध्ये पाणी घालायला उठलो. भरलेलंच होतं.