पुकारून पाहिलेलं नाव

ती. ताईंना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. खरं काय ते खाली येईलच. तुमचे गुडघे काय म्हणतात? साडूंचा खोकला थांबला का, की अजूनही तुमच्यावर चिडले की तेवढ्यापुरता वाढतो? तुमची बहीण बाळंतपणासाठी आमच्याच दवाखान्यात दाखल झाली आहे. रक्तदाब चढलाय. तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि धक्का तर मी स्वतःच तयार करून ठेवलाय.

मुलगीच होणार हे तिने परस्पर ठरवलं आहे, आणि नावही. शाळेत तिच्या नावाच्या इतक्या मुली होत्या की बाई तिला ‘खिडकीजवळची’ म्हणायच्या, हे तुम्हाला सांगायला नको; रडत घरी आली की डोळे तुम्हीच पुसायचात. म्हणून लेकीचं नाव असं हवं, की हाक मारली तर एकच मान वळावी. जुनी पुस्तकं चाळून तिने ते शोधलं. (इथे लिहीत नाही. तुमच्या शेजारीही कुणी गरोदर असेल.) मधोमध असं जोडाक्षर आहे की जीभ उंबऱ्याला ठेचकाळते. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याचे दोन तुकडे केले, आणि मी जोर लावून म्हटलं तर समोरच्याने चष्मा पुसला.

आता माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. खिडकीत बसायचं आणि आत जायची पाळी आली की एकेकीचं नाव पुकारायचं. म्हटलं, नाव दुर्मिळ आहे की नाही ते पुकारूनच बघू, उच्चारही बसेल. रोज सकाळी बाकं भरली की पहिली हाक आमच्या लेकीची. कुणी उठायचं नाही. मग आणखी एकदा, जोडाक्षर नीट सोडवून, खणखणीत. कुणी नाही. घरी जाऊन तसं सांगितलं की हिचा चेहरा असा खुलायचा, की मला मी फार कर्तबगार वाटायचो. बाकांवरच्या साऱ्याजणी पोटुशी आहेत आणि सगळ्याच नाव शोधतायत, ही एवढी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

परवा बाळंतिणींच्या वॉर्डात आया एका तान्हीला अंघोळ घालता घालता हाका मारत होती. आमचंच नाव, जोडाक्षरासकट, बिनचूक! पलीकडच्या खाटेवर तेच. तिच्या पलीकडे तेच. त्यातल्या शिंपीणबाई तर कौतुकाने म्हणाल्या, “तुम्हीच रोज घेत होता की. ती बिचारी कधी आलीच नाही. म्हटलं, इतकं गोड नाव वाया कशाला घालवा?”

हिची खोली त्या वॉर्डाला लागूनच. खिडकीतून सुटलो की मी दार सोडत नाही. बाहेर कुणी नाव घेतलं की खोकतो. पंखा मोठा करून ठेवलाय. (काल माझा खोकला ऐकून डॉक्टरीणबाईंनी मलाच औषध दिलं, तेही मुकाट्याने प्यायलो.) हात हातात घेऊन ही विचारते, आज कुणी उठलं का हो? मी नाही म्हणतो. रक्तदाब आज आणखी चढलाय. ताई, मला भीती वाटते. तुम्ही निघून या.

तुमचा, खोकून घसा बसलेला,
मेहुणा

ता. क. मुलगी झाली. दोघी सुखरूप. रक्तदाबही उतरला. पण मी खोकायच्या आत पलीकडून ती हाक आलीच. मी खाटेचा दांडा धरून उभा होतो. ही रडली. मीही रडलो. सगळं सांगून टाकलं. शेवटी तिने एक नाव सांगितलं आणि म्हणाली, “जा, हे पुकारून या.”

आणखी एक ता. क. खरं तर पत्र आता एवढ्यासाठीच. ते नाव तुमचं. म्हातारीला शोभेल असं जुनाट नाव जन्मतःच चिकटलं म्हणून तुम्ही ते लपवता, आणि आम्ही सगळे नुसतं ताई म्हणत आलो. ही म्हणते, “तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही.” बाकं भरलेली होती. कुणी उठलं नाही. माझी आईसुद्धा कुठे अडखळली नाही. तेव्हा परवानगी ताबडतोब कळवा. यावेळी मी हळूच पुकारलं होतं, तरी पुढच्या बाकावरची एक म्हणाली, “काय म्हणालात? पुन्हा सांगा ना.”