बाबांची हिरवी टोपी

सोमवार, संध्याकाळ. गिरावीन, सिडनी.

बाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेत. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तरी आज सकाळी शेजारच्या अमेरिकन डेव्हकडे मॅच बघायला गेले, तेही हिरवी टोपी घालून! दोन्ही टीम पेनसिल्व्हेनियाच्याच, पण डेव्हची पिवळी-काळी, हिरवी समोरची. त्याच्याच घरात त्याच्याविरुद्ध? का? माझी मीटिंग चालू आणि भिंतीपलीकडे दोघांचा नुसता आरडाओरडा.

मघाशी विचारलंच.

"टोपी डेव्हच्या भावाची. दर मॅचला फोनवर भांडायचे दोघं. तो मार्चमध्ये गेला. डेव्हनेच दिली मला."

"जिंकलं कोण?"

"डेव्ह म्हणाला, तुम्ही हरलात. मी म्हटलं, अंपायरने फसवलं!"

बाबा पुण्याला परत गेल्यावर काय? हिरवी टोपी टेबलावरच होती. हळूच घालून पाहिली. मला जरा मोठी होते.