पहिल्या दिवसाचं उत्तर

धायरी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

माझ्या धाकट्या मथूस, अक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल हाय. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झालाय. तुमच्या बिबवेवाडीला पाणी वेळेवर येतंय का? फोनच केला असता, पण दोन खोल्यांचं घर, इथं बोललेलं तिथं ऐकू जातं. नात भाग्यश्री तिकडंच क्लासला येते, तिच्यासंगं ही चिठ्ठी अन् लाडवाचा डबा देते.

आनंदाची बातमी आधी. आपल्या तेजसचा शुक्रवारी मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यू हाय! आधी केलेलं काम तोंडानं सांगावं लागतं म्हणे. काय केलं, काय चुकलं, चुकल्यावर काय केलं. अन् त्याची तयारी कोण घेतंय, सांग? मी! चौथी पास मालनबाई! रोज सकाळी मी चष्मा लावून खुर्चीत, नातू शर्टाची बटणं लावून समोर. मला "मॅडम" म्हणतो गं! मी म्हटलं, "पाय हलवू नकोस." तर म्हणतो, "मॅडम, व्हिडिओवर पाय दिसत नाहीत." हसून हसून ठसका लागला.

मला कळावं म्हणून पहिल्या दिवशी त्यानं उत्तर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चुकला की मी अडवायचं. दवाखान्यात औषधाची वेळ झाली की नर्सबायांसाठी कंप्युटरवर आपोआप बेल वाजते, ती सांभाळायचं काम त्याचं अन् तुझ्या रणजितचं. तपासायला बेल बंद केली, ती चालू करायची राहिली. शनिवार-रविवार वाजलीच न्हाई. एका म्हातारीचं इंजेक्शन चुकलं.

मी विचारलं, "मग ती बरी झाली का रं?"

म्हणाला, "आजी, हा प्रश्न कुणी विचारत नाही."

रणजित जेवतो का आता? खोलीची कडी काढतो का? बेलीचा ठपका ठेवून त्याला कामावरून काढलं, तेव्हापासून तू एवढंच सांगतेस की गप्प हाय. त्याला एकटं ठेवू नकोस, मथू.

तर काय सांगत होते. कालपासून तेजसचं उत्तर बदललंय. "टीममधल्या एकानं बेल बंद केली होती, ते मी शोधून काढलं." मी अडवलं, कागदात असं न्हाई म्हणाले. तो हसला न्हाई. म्हणाला, "तो कागद बंबात टाक. आता हे पाठ कर." नवं उत्तर दोन मिनिटांत बरोबर बसतं. मी शाबास म्हणाले. त्याच्या लहानपणापासून म्हणत आले, तोंडात बसलंय.

बंबात मी किराण्याची यादी टाकली. ती जळेपर्यंत तो दारात उभा राहून बघत होता. आपलं पोरगं असं बघतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आज म्हटलं, "रणजितला एक फोन कर की." तर म्हणाला, "शुक्रवारनंतर बघू."

लाडू बेसनाचे हायत, तेजसच्या आवडीचे. डबा भरताना जवळच होता. दोन खाल्ले, झाकण त्यानंच घट्ट लावून दिलं.

लाडू काढून ठेव अन् तळाचं वर्तमानपत्र उचल. खाली एक कागद हाय. रणजितला दे, अक्षर तो ओळखंल. पहिलीच ओळ हाय, "बेल मी बंद केली होती."

तेजस शुक्रवारी अकराला बोलायला बसंल. त्याच्या आधी दे.

तोवर त्याची मॅडम,
तुझी मालनअक्का