चौथा प्रश्न पुस्तकातला नाही

२० जानेवारी

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहाच्या खाटेत ढेकूण आहेत हे ऐकून तुझी आत्या आधी हळहळली आणि मग म्हणाली, सूक्ष्मजीव शिकायला गेलीय ना, मग तक्रार कसली! ढेकूण सूक्ष्म नसतात हे तिला कोण सांगणार? माझी तरी छाती नाही.

छापखान्यात तुझ्या विषयाच्या प्रश्नसंचाची प्रूफं अजून माझ्याच टेबलावर आहेत. निम्म्या शब्दांचा अर्थ लागत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ लागतात, आणि पगार त्याचाच मिळतो. नेहमीसारखे चार प्रश्न पाठवतो. एक, औषधाला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात कसा जातो? दोन, डीएनएच्या एका धाग्यावरून दुसरा कसा तयार होतो? तीन, विषाणूला जिवंत म्हणावं का? चार, कुत्र्याच्या पाळीव पिलाचा दात खेळताना माणसाच्या हाताला लागला, थोडं रक्त आलं, तर माणसाने इंजेक्शन घ्यावं का?

अंगठ्याला चिंधी बांधलीय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. थोडं लागलंय इतकंच. तुझी आई असती तर परीक्षेच्या दिवसांत डबा घेऊन तुझ्या दारात उभी राहिली असती. मला ते जमत नाही, म्हणून प्रश्न पाठवतो. जेवणाची आबाळ करू नकोस. आत्याचेही आशीर्वाद यातच धरून घे.

तुझा,
बाबा

२९ जानेवारी

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. प्रयोगशाळेत आठवडाभर नुसत्या काचेच्या बशा धुतल्या. माझ्या बशीत जे वाढायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं वाढलं. बाई म्हणाल्या, तुझा हात फार उदार आहे, कुणालाही आत घेतेस.

उत्तरं देते. पहिल्याचं असं, की जिवाणू डीएनएचं एक छोटं कडं एकमेकांना देतात. शेजारणी विरजण देतात ना, तसं. दुसऱ्याचं उत्तर सोबतच्या कागदावर आकृतीसह आहे, आकृतीला हसू नये. तिसऱ्यावर आमच्या सरांचंच अजून ठरत नाही. पेशीबाहेर तो मेल्यासारखा पडून असतो आणि आत शिरला की घर डोक्यावर घेतो.

चौथा प्रश्न पुस्तकातला नाही, भाषा तुमची आहे! प्रश्न रचायचाही नाद लागला वाटतं. तरी सोडवते. चावल्यानंतर दहा दिवस पिलू डोळ्यांसमोर टुणटुणीत राहिलं, तर भिण्याचं कारण नाही. तुमच्या माणसाला म्हणावं, पिलाला दूध पाज आणि झोप खुशाल. चारही प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण पाहिजेत, कंजूषपणा चालायचा नाही.

अंगठा जपा. आत्याला नमस्कार.

आपली,
ठमी

१० फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. उ. आ.

उत्तरं झकास. आकृतीला हसलो नाही, आत्या हसली.

तुझ्या चौथ्या उत्तराने घरातली कटकट मिटली बघ. आता सांगायला हरकत नाही, तो माणूस मीच. संक्रांतीच्या सुमारास छापखान्यात एक पिलू येऊन राहिलं होतं. काळंभोर, जेमतेम टाचेएवढं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांनी त्याचं नाव खिळा ठेवलं. रोज माझ्या पायाशी बसायचं. बिस्कीट देताना त्याचा दात अंगठ्यात रुतला. आत्याने दवाखान्याचा धोशा लावला, पण तुला माहीत आहे, तुझ्या आईला तिथे ठेवून रिकाम्या हाताने परतलो, तेव्हापासून माझे पाय त्या पायऱ्या चढत नाहीत. म्हटलं, घरात शिकलेली मुलगी आहे, तिला विचारू. पण सरळ विचारलं असतं तर तू पुस्तकं टाकून पळत आली असतीस. म्हणून प्रश्नात घातलं. आत्याला तुझं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे गप्प बसली.

खिळा मात्र चावल्यानंतर तिसऱ्याच दिवशी दिसेनासा झाला. गोड होता, कुणीतरी उचलून घरी नेला असणार. असेल तिथे टुणटुणीतच असेल. प्रश्नात तेही वाक्य होतं, पण माझी खोड तुला ठाऊक आहे, लांबलेलं दिसलं की पेन्सिल चालते. छाटून टाकलं.

आता निवांत अभ्यास कर.

तुझा,
बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न.

हे पत्र हातात पडेल तसे उठा आणि दवाखान्यात जा. तारही केलीय. छापखान्याचा फोन सकाळपासून लागत नाही.

बाबा, काय केलंत हे! पिलू डोळ्यांसमोर राहिलं तर, असं लिहिलं होतं मी. ते नाहीसं झालं म्हणजे ते पिसाळून मेलं असंच धरून चालायचं असतं. तेच एक वाक्य तुम्ही काढलंत, आणि मी शहाणी, माणूस कोण, पिलू कुठे आहे, एका शब्दाने विचारलं नाही. गुण मागत बसले. तुमच्या अंगठ्याची चिंधी वाचूनही माझी ट्यूब पेटली नाही. कसली डोंबलाची शिकलेली मी!

नीट ऐका. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू वर सरकतो, म्हणून चावल्यानंतर उशिरा घेतलेलं इंजेक्शनही त्याला गाठू शकतं. अजून वेळ असेल. आईच्या पायऱ्या आठवल्या तर आत्याचा हात धरा, पण चढा. पाया पडते तुमच्या. घेतलंत की तार करा.

आपली,
ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमीस, आशीर्वाद.

इंजेक्शन घेतलं, ही तार तुला मिळाली असेलच. तुझी तार आली त्याच दिवशी गेलो. आत्याने हात धरला होता. डॉक्टर तुझ्याच वयाचे, खूप बोलले मला, मी मान खाली घालून ऐकलं. अंगठ्यात मुंग्या येतात का विचारलं. तेव्हा येत नव्हत्या, तसं सांगितलं.

परवापासून येतात. काल कोपरापर्यंत आल्या. आज दुपारी पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि घसा असा आवळला की पेला खाली ठेवला. आत्याला म्हटलं, तहान नाही. उद्या सकाळी ती परत दवाखान्यात नेणार आहे, जाईन.

मला धीर देणारं काही लिहू नकोस. विषाणूंच्या प्रकरणाची प्रूफं गेल्याच आठवड्यात आली आणि लक्षणं दिसू लागल्यावर काय होतं, ते पान मी तपासलंय. त्यात चूक एकही नव्हती. आणि दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तुला विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर तू बरोबर दिलंस. एवढं आत्याला वाचून दाखवतोय, म्हणजे पुढे कुणी तुला बोललं तर तिने सांगावं.

खरं तर लिहायला बसलो होतो, की परीक्षा संपवून ये, घाई करू नकोस. तसं लिहवत नाही गं. परीक्षा पुढच्या वर्षीही होते. मिळेल त्या गाडीने ये. मला फार भीती वाटते.

बाबा